सोजरची टिकटिक

थेरगावातील आमच्या अंगणात त्या रविवारी शंभर-सव्वाशे माणसे जमली होती. मधोमध माझी जुनी विलायती मोटार सुरू होती व तिच्या इंजिनातून टिक-टिक असा आवाज येत होता. ही मोटार मी भाड्याने चालवीत असे. माझी पत्नी सोजर हिला जाऊन वर्ष होत आले होते. दिवाळीपासून हा आवाज सुरू झाला होता.

"ऐकलंत?" मठातले सयाजीबाबा भस्म उधळीत गरजले. "एक टिक म्हंजी भूक, दोन टिक म्हंजी राग! तुजी सोजर आत कोंडलीय. मंत्र संपेतो मोटार बंद करायची न्हाई. आन् इंजानाचं झाकण कुणी उघडलं तर ती कायमची भरकटंल!"

"बाबा आधी घड्याळं दुरुस्त करीत व्हते का काय?" शेजारच्या विमलबाई पुटपुटल्या.

वीस मिनिटे मंत्र चालला. टिकटिक खरोखर मंदावली. लोकांनी हात जोडले. माझेही हात जुळले; मला काहीच वाटत नव्हते.

"अमावास्येला मोटार मठात आणून सोड. मंग तिची सुटका," बाबा म्हणाले.

मी मान हलविली. त्या मोटारीवर माझे व लेकीचे पोट होते, हेही मला आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरचा धाकटा भाऊ ज्योतीराम आला. तो पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर आहे. त्याने थंड मोटार सुरू केली व तंबाखू मळीत बसला. मंत्र नाही, भस्म नाही. वीस मिनिटांत टिकटिक मंदावली.

"बगा दाजी. लोखंड तापलं की वाढतं, झडपंची फट कमी व्हतीय, आवाज बसतो. बाबाचा मंतर इंजान तापंस्तवर चालतो, बास."

तो झाकण काढू लागला. मी त्याचा हात धरला. "नको. भरकटंल ती."

"दाजी, माझी बहीण व्हती ती. मलाबी वाटतंय, आवाज तिचाच असावा."

मी हात सोडला. सर्वांत मोठ्याने वाजणाऱ्या झडपेच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, फटीत त्याने पोलादाची पातळ पट्टी सरकविली. आवाज थांबला. पट्टी काढताच पुन्हा टिक-टिक.

"दर दसऱ्याला तुमी ही फट बसवायचा. औंदा का न्हाई बसवली?"

ते काम आम्ही दोघे करीत असू. एकाने इंजिन फिरविण्याचे पुढचे हँडल सावकाश फिरवायचे, दुसऱ्याने फट मापून स्क्रू कसायचा. सोळा वर्षे हँडल सोजर फिरवीत असे. "बास?" असे ती विचारी.

आम्ही मोटार बंद करून इंजिन निवू दिले. नंतर ज्योतीरामने हँडल धरले.

"बास?"

मी पट्टी सरकवून पाहिली. "आजून थोडं."

दुपारी मोटार सुरू केली. टिकटिक नव्हती.

"अवो, बाबाला अमावास्येला काय सांगायचं?" विमलबाईंनी विचारले.

"मोटार भाड्यावर गेलीय म्हणावं. सोजर गेली," मी म्हणालो. हे शब्द मी प्रथमच मोठ्याने उच्चारले.

वाचकहो, सोजर इंजिनात नव्हती. ती गेल्यामुळे फट बसवायची राहिली, एवढेच सत्य आहे. आपल्याही घरी असा आवाज येऊ लागला, तर बाबाला बोलाविण्यापूर्वी झाकण उघडून पाहावे. दुरुस्त होण्यासारखे असेल ते दुरुस्त करावे. त्यानंतर जी शांतता उरते, ती मात्र आपली आपणच सोसावी. तिच्यावर मंत्र नाही.