सोळाव्या दिवसाचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि सध्या सोलापुरातल्या एका गच्चीवर पालथी. डाव्या कोपऱ्याला चीर गेली आहे. ती कशी गेली ते विचारू नका, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पाच काचा जोडून मला तयार केलं, तेव्हा दोन दिवस माझ्या अंगाला सांध्यांतल्या गोंदाचा आंबट वास येत होता. गुरुशांत आणि श्रीदेवी या नवरा-बायकोनं मला स्कूटरवरून घरी आणलं. श्रीदेवी मला मांडीवर धरून मागे बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला ओरडत होती, "सावकाश चालवा की हो!" त्या दिवसांत माझं काय कौतुक होतं! पाहुणा आधी माझ्याकडे बघायचा, मग चहाकडे. मीही जरा चढूनच गेले होते, खोटं कशाला बोलू?

पहिले सोनेरी मासे फार टिकले नाहीत. मग त्यांच्या मुलीनं, सिद्धेश्वरीनं, निळ्या गुरामी माशांची जोडी आणली. तेव्हा ती सहावीत होती. गुरामीचा नर तोंडानं बुडबुडे सोडतो आणि पाण्यावर त्यांचं घरटं करतो. मादीची अंडी त्यात तरंगतात. एखादं खाली पडलं तर तो ते तोंडात धरून पुन्हा जागेवर नेऊन ठेवतो. एवढासा जीव, पण बाप म्हणून कुठे कमी पडत नाही. पिल्लं पोहायला लागली की मात्र तोच त्यांना गिळतो.

हे सिद्धेश्वरीला माहीत नव्हतं. पहिली पिल्लं अशीच गेली. दुसऱ्या खेपेला तिनं नराला वेळेवर काढलं, पण बाजारातलं खाणं पिल्लांच्या तोंडात मावेना, ती उपाशी मेली. तिसऱ्या खेपेला माझं झाकण उघडं राहिलं आणि कूलरचं गार वारं थेट पाण्यावर आलं. गुरामी वर येऊन हवेतला श्वास घेतात. तो घ्यायला शिकण्याच्या दिवसांतच त्यांना गारठा बाधतो. सकाळी सगळी तळाला होती. सिद्धेश्वरी त्या दिवशी जेवली नाही.

आता ती नववीत आहे आणि नर म्हातारा झाला आहे. त्याचा निळा रंग विटला, पंख झिजले. तरी या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यानं पुन्हा घरटं बांधलं. ते शेवटचं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. यावेळी तिनं एकही चूक केली नाही. कोबीचं पान बरणीत कुजवून उन्हात ठेवलं आणि त्या पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव पिल्लांना खाऊ घातले. मला मुद्दाम हिरवट, गढूळ ठेवलं. वर प्लास्टिकचा कागद बांधला. पिल्लं पोहू लागताच नर-मादी दोघांना मोरीजवळच्या बादलीत हलवलं. जिऱ्याच्या टोकाएवढी ती पिल्लं माझ्या काचेला चिकटून हिंडायची. पंधरा दिवस एकही मेलं नाही. "अजून आठवडाभर," ती माझ्या काचेला नाक लावून म्हणायची, "वर येऊन श्वास घेतला की जगली."

त्याच सुमारास गुरुशांतची थोरली बहीण नीलम्मा अक्कलकोटहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली. एक डोळा झाला होता, दुसरा बाकी होता. काळा चष्मा लावून ती दिवसभर बसायची आणि भावाच्या घरी आपण आयतं खातोय म्हणून कष्टी व्हायची. लसूण सोल, शेंगा फोड, काही ना काही हातात हवंच.

सोळाव्या दिवशी शाळेला निघताना सिद्धेश्वरी दारातून म्हणाली, "आत्या, माझ्या पिल्लांकडे लक्ष ठेव हां!"

"व्हय की, बघते की. जा तू बिनघोर."

तुम्हांला ठाऊक असेल, आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पाणी आलं की घरातलं शिळं पाणी झाडांना घालायचं, भांडी घासायची आणि सगळं ताजं भरून ठेवायचं. त्या दिवशी पाणी भरदुपारी आलं, तेही घरात नीलम्मा एकटी असताना. तिला तर हत्तीचं बळ आलं. घागरी, पिंप, पातेली सगळी भरली. मग तिची नजर माझ्याकडे वळली. हिरवं, वास मारणारं पाणी आणि आत काहीच हलताना दिसत नाही. पिल्लं कुठे आहेत ते तिला माहीत होतं. बादलीत दोन मासे फिरताना तिनं सकाळीच वाकून बघितले होते, तिच्या लेखी तीच पिल्लं.

तांब्या-तांब्यानं तिनं मला उपसलं. पाणी वाया न घालवता जास्वंदीच्या डब्यांत ओतलं. मी काच आहे, मला ओरडता येत नाही. मग काथ्यानं मला आतून घासलं, आणि मित्रांनो, मला ते बरं वाटलं. इतक्या दिवसांनी लख्ख झाल्याचं एक क्षणभर बरं वाटलं. याची लाज माझ्या मनातून जात नाही.

नळाचं औषध घातलेलं ताजं पाणी काठोकाठ भरून तिनं बादलीतली जोडी हलक्या हातानं माझ्यात सोडली.

सिद्धेश्वरी आली तेव्हा नीलम्मा दारातच उभी होती. "ये ये, बघ कसं केलंय! लई घाण झालतं गं. पर तुझी पिल्लं नीट सांभाळली बघ. दोन्हीबी हायत. पदर भिजला माझा, पर त्यांना धक्का लागू दिला न्हाई."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. दप्तर पाठीवर तसंच. तिनं जास्वंदीच्या डब्यांकडे बघितलं, ओल्या मातीकडे बघितलं. मग आत्याच्या काळ्या चष्म्याकडे.

"हो आत्या," ती म्हणाली, "दोन्ही आहेत."

नर तिसऱ्या दिवशी गेला, मादी त्यानंतर आठवड्यानं. दुसरा डोळा करून नीलम्मा अक्कलकोटला परतली. "पिल्लांना मीच वाचवलं," असं ती तिकडे अजून सांगते म्हणे. मला गच्चीवर आणून ठेवलं ते सिद्धेश्वरीनंच.

आम्हां जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी शिकवण द्यायची असते. काळजी घ्या, असं सांगायचं असतं. मी तेच सांगणार होते. पण मित्रांनो, काळजी तर त्या दोघींनीही घेतली होती. तुम्हांला काय सांगू, मला कळत नाही.