उनामावशीचं बोट

कॉलिन ट्रेगियरने पंख दुसऱ्यांदा खरवडायला घेतला, तेव्हा त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, कपाळाला हात लावला.

"अजून किती तासशील रे? उरेल का काही त्याचं?"

"मावशी हो म्हणेपर्यंत," कॉलिन म्हणाला.

तो बनवत होता कॅटलिना. महायुद्धात राथमाइन्सच्या तळ्यावर उतरायचं ते विमान, अठ्ठेचाळीसपट लहान. कॅटलिनाच्या पंखाचा मागचा अर्धा भाग पत्र्याचा नव्हे, कापडाचा. आणि तिथल्या हवाई तळावर ते कापड शिवणाऱ्या पोरींमध्ये त्याची उनामावशी होती! आता ती सत्त्याऐंशीची, डोळ्यांनी काही दिसत नाही. रविवारी मॉडेल बनवणाऱ्यांच्या क्लबच्या प्रदर्शनात तिने पंखावर बोट फिरवावं आणि म्हणावं, "हा आमचाच," एवढंच कॉलिनला हवं होतं. बक्षीस गेलं खड्ड्यात.

पण मावशीला खूश करणं म्हणजे काय पोरखेळ? पहिल्या खेपेला त्याने ओल्या पुट्टीवर बायकांचा पातळ मोजा दाबून कापडाची वीण उठवली. क्लबातले सगळे तस्संच करतात आणि वर वाहवाही मिळवतात. मावशीने बोट लावलं नि तोंड वाकडं केलं.

"हे काय, गोणपाट? आम्ही पोती शिवत होतो का रे?"

"अगं, कापड म्हटल्यावर वीण नको?"

"वेडा कुठला! कापडावर डोपचे, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या रोगणाचे, थर चढायचे. एकावर एक, आणि मग घासायचं. माशी बसली तर घसरून पडेल असं गुळगुळीत. हाताला लागायच्या त्या फक्त पंखाच्या फासळ्यांवरच्या पट्ट्या, आणि पट्टीखाली टाक्यांच्या गाठी. त्याही बारीक."

दुसऱ्या खेपेला वीण गेली, पण दोन फासळ्यांमधलं कापड त्याने जरा जास्तच खोल दाखवलं.

"पंख आहे की उपाशी घोडं?" मावशी म्हणाली.

"मावशी, तुझ्या तोंडाला काही औषध आहे का गं?"

"आहे की. शेरी. ओत थोडी."

कॉलिन चिडला, हसला, शेरी ओतली आणि पुन्हा कामाला बसला. या वेळी त्याने सुईच्या टोकावर डिंकाचा कण घेऊन एकेक गाठ ठेवली. शेकड्यांनी गाठी! मग दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मधल्या फटीत रंगाचा हलका फवारा मारला. चिकटपट्टी काढली की उरायची ती नुसती रंगाच्या जाडीची पट्टी. चार दिवस त्याने धड श्वाससुद्धा घेतला नाही. शिंक आली की बिचारा अंगणात पळायचा.

रविवारी ग्लेनिसने मावशीला हाताला धरून टेबलापाशी आणलं. मावशीने बोट पुढे केलं मात्र, परीक्षक डेस हॅलिनन वहीसकट धावत आला. दुसऱ्याच्या मॉडेलला हात लावणं त्याच्या लेखी चोरीपेक्षा वाईट.

"ए ए ए! हात नाही लावायचा!"

"तू कोण?"

"मी परीक्षक!"

"मग बरं झालं. मीपण," मावशी म्हणाली आणि तिने बोट टेकवलंच.

बोट पंखाच्या टोकापासून हळूहळू आत सरकलं. एक पट्टी, दुसरी, तिसरी. पाचव्या पट्टीवर बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा तिथेच आलं. काल त्याच पट्टीवर कॉलिनच्या सुईला डिंक जास्त लागला होता आणि गाठी जाड झाल्या होत्या. पुन्हा करायला वेळच नव्हता. डोळ्यांना कळणार नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. आणि डोळ्यांना कळलं नव्हतंच.

"मावशी, ती जरा चुकली गं..."

"गप रे! ही डॉटची आहे."

"कोणाची?"

"डॉट फेनरची! माझ्या शेजारी बसायची. दोरा असा ओढायची की गाठी जाडच व्हायच्या. देखरेखीच्या बाई रोज ओरडायच्या, आणि ही रोज तशीच ओढायची." मावशी हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, तरी बोट काही उचलेना. "अगं डॉटे, साठ वर्षं शोधतेय तुला, आणि तू इथे होय!"

कॉलिनने मावशीला घट्ट मिठी मारली.

डेसने वही खिशात घातली. दोन्ही हात पँटला खसाखसा पुसले.

"आजी," तो म्हणाला, "कितवी पट्टी म्हणालात?"