चिठ्ठी नसलेला जबडा

"अहो, तिथं दारापाशी काय पहारा देताय? पोरगी आहे आत, चोर नाही," ताटं गोळा करता करता बायको म्हणाली.

सुट्टीची दुपार होती, तिघांचं जेवण नुकतंच आटोपलं होतं, आणि कवळीवाले खरकटा हात अधांतरी धरून बाथरूमच्या बंद दारासमोर उभे होते. जेवणानंतर त्या खोलीवर पहिला हक्क त्यांचा, हा या घरातला लग्नापासूनचा कायदा. आज लेकीने त्यांच्या आधी नंबर लावला होता. आत नळ पूर्ण सोडलेला होता.

त्या आवाजाने त्यांचे पाय जागीच खिळले. हात धुणाऱ्या माणसाच्या नळाचा आवाज तुटतो. हात धारेखाली येतात, साबण लावायला बाहेर जातात, पुन्हा येतात. पाणी अडखळतं, शिंतोडे उडतात. इथे धार अखंड पडत होती, सरळ, एकसुरी. तिच्याखाली हात नव्हतेच. नळ पाण्यासाठी सोडलेला नव्हता, आवाजासाठी सोडलेला होता.

हा फरक ओळखणारी माणसं जगात थोडी. कवळीवाले त्यांतले एक, कारण तो आवाज ते आजवर आतून ऐकत आले होते. बाहेरून आज पहिल्यांदा ऐकला. क्षणभर त्यांना वाटलं, आत आपणच आहोत, आणि बाहेरही आपणच.

दार उघडलं. लेक दचकली. "बाबा! केवढी घाबरले मी."

"डोळे लाल झालेत तुझे."

"साबण गेला डोळ्यात," ती म्हणाली आणि त्यांच्या बाजूने निघून गेली.

तो साबणही त्यांचाच होता. वर्षानुवर्षं तो त्यांच्या डोळ्यांत जात आला होता.

त्या दुपारी ते आत गेले, हात धुतले आणि बाहेर आले. बस, एवढंच. जेवण पोटात दगडासारखं बसून राहिलं आणि ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले. बायको म्हणाली, "आज लवकर आलात बाहेर. तब्येत बरी आहे ना?"

त्यांना सगळी गल्ली कवळीवाले म्हणायची, कारण ते कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत. कवळीवाले त्या मापात प्लॅस्टर ओतून जबडा काढत आणि त्या जबड्यावर दात बसवत. गल्लीतली निम्मी म्हातारी मंडळी त्यांनी केलेल्या दातांनी हसायची, आणि त्याच दातांनी त्यांना नावंही ठेवायची. माणसाचा जमाखर्च मांडायचाच झाला तर जमेची बाजू भक्कम होती. व्यसन नाही, उधारी नाही, आवाज कधी चढलेला नाही, बांधा अजून सडपातळ. खर्चाच्या बाजूला बायकोने एकच कलम मांडलं होतं : यांना माझ्या हातचं पचत नाही.

खरं कलम तिला ठाऊक नव्हतं. जेवायचं, आत जायचं, नळ सोडायचा आणि खाल्लेलं उलटून टाकायचं. पूर्वी कधीमधी, मग वरचेवर, मग जेवणाइतकंच नेमाने. याला आजार म्हणतात असं त्यांनी एका मासिकात वाचलं होतं. पण हा आजार तरुण मुलींना होतो असंही त्याच पानावर छापलं होतं, म्हणून त्यांनी पान उलटलं होतं.

लहानपणी ते गुबगुबीत होते. मामा जेवायला समोर बसायचा आणि म्हणायचा, "याला शर्ट कसले शिवता? तंबूच घ्या एक." सगळे हसायचे. तेही हसायचे, न हसून करणार काय? मामा जाऊन जमाना लोटला, पण ताटावर बसलं की समोरच्या रिकाम्या खुर्चीत तो अजून येऊन बसायचा. बोलायचा नाही. नुसता ताटाकडे बघायचा. आणि गेल्या वर्षी लेकीने दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा कवळीवाले म्हणून गेले होते, "घे, घे. उद्या तंबूच घेऊ तुला." लेक हसली होती. आपल्या तोंडून मामा कसा बोलला, हे कवळीवाल्यांना तेव्हाही कळलं नव्हतं.

आठवडाभराने लेकीचा दात ठणकायला लागला. गार पाणी लागलं की कळ मस्तकात जायची.

"दातांच्या कारखान्यात दातदुखी!" बायको म्हणाली. "लोक मला हसतील. उद्याच्या उद्या तुमच्या त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्या तिला."

"मी बघतो," कवळीवाले घाईने म्हणाले. "आधी माप तर घेऊ. साधी गोष्ट आहे."

गोष्ट साधी नव्हती, म्हणून तर घाई होती. उलटीबरोबर येणारं आम्ल पुढच्या दातांना मागच्या बाजूने खातं. बाहेरून दात छान दिसतो, आणि आतून पाण्याने झिजलेल्या पायरीसारखा होतो. डॉक्टरीणबाईंनी एकदा आरसा घातला की त्यांना कळणार. हेच भय धरून कवळीवाल्यांनी फार पूर्वी एक काम केलं होतं. स्वतःच्या तोंडाचं माप स्वतःच घेतलं, त्यात प्लॅस्टर ओतलं आणि झिजलेल्या दातांच्या मागे बसतील अशी नखाएवढी पातळ कवचं करून चिकटवून टाकली. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात सुबक काम तेच, आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती. तो जबडा मात्र त्यांना फोडवला नाही. कामाच्या खोलीत फळीवर जबडे ओळीने मांडलेले असत, प्रत्येकाला माणसाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. कोपऱ्यातल्या एका जबड्याला चिठ्ठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीचं माप घेतलं. ती क्लासला गेल्यावर प्लॅस्टर ओतलं, वाळू दिलं, साचा सोडवला. मग फळीवरून आपला जबडा काढून तिच्या जबड्याशेजारी ठेवला. एक थोरला, एक धाकटा. मागची झीज तीच, त्याच दातांना, त्याच वळणाची. तिची अजून उथळ होती, इतकाच काय तो फरक. लेक बापावर गेली म्हणून जन्मल्यापासून लोक कौतुक करत आले होते. इतकी गेली असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

मग कवळीवाल्यांनी दिवा पेटवला आणि मेण लावायची सुरी तापवायला घेतली.

पातळ कवचं करायची. दाताला ठणका नाही, बायकोला संशय नाही, पोरीला लाज नाही. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत तिला कधी बसावंच लागणार नाही. आपण कुठे बसलो? हात सराईतपणे चालू लागले. पहिल्या दाताच्या मागे मेणाचा थेंब बसला, पसरला, गुळगुळीत झाला. काम झकास होत होतं, आणि तेच भयंकर होतं. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती, तरी मामा कुठेतरी बसून बघतोय असं त्यांना वाटत राहिलं.

"झाला माझा जबडा?" लेक दप्तर टेकवत दारातून आत आली. जबड्यांचं तिला अप्रूप नव्हतं. लहानपणी बाहुल्यांच्या जागी ती यांच्याशीच खेळली होती, एकाचं दुसऱ्याशी भांडण लावून द्यायची. "ई, केवढे दिसतात दात! आणि हा कुणाचा? याची चिठ्ठी कुठाय?"

"जुना आहे. असेल कुणाचा तरी."

"चिठ्ठीशिवाय ठेवता तुम्ही? तुम्ही?" तिने तो उचलला, उलटा केला. मग आपला उचलला. आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या दातांमागून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. कवळीवाले सुरीच्या टोकाकडे बघत राहिले. तिने मोठा जबडा सरळ केला आणि त्यातल्या वाकड्या सुळ्यावर बोट ठेवलं. मग मान वर करून बापाच्या तोंडाकडे पाहिलं. तो सुळा तिथेही तसाच वाकडा होता.

तिने दोन्ही जबडे पुन्हा शेजारी शेजारी ठेवले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमच्यापण डोळ्यांत साबण जातो?"

खोटं जिभेवर तयार होतं. वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं. या वेळी ते बाहेर पडेना.

"जातो."

"कधीपासून?"

"तू नव्हतीस तेव्हापासून."

ती रागावेल, रडेल असं त्यांना वाटलं. तिने वेगळंच विचारलं. "म्हणजे ते थांबतच नाही?"

कवळीवाल्यांच्या आयुष्यात एवढ्या वजनाचा प्रश्न कुणी त्यांना विचारला नव्हता. "मी थांबवायला गेलोच नाही गं," ते म्हणाले. "झाकत गेलो. आता तुझंही झाकायला बसलो होतो, हे बघ."

तिने मेणाचा तो गुळगुळीत थेंब पाहिला. "मला थांबायचंय. रोज ठरवते. नाही जमत."

"एकट्याला नाही जमत ते. मला नाही जमलं."

"आईला सांगणार?"

"सांगायला लागेल."

"बापरे," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, दोघांनाही हसू आलं. हसता हसता ती रडायला लागली. कवळीवाल्यांनी सुरीने मेण खरवडून काढलं आणि दिवा विझवला.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई डोक्याने पांढऱ्या आणि जिभेने तिखट. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. "ये गं पोरी, बस."

"आधी मी बसतो," कवळीवाले म्हणाले.

"तुम्ही? इतकी वर्षं माझं काम करताय, एकदा आ केला नाहीत माझ्यासमोर. मला वाटायचं, आत सोनं दडवलंय."

त्यांनी आरसा आत घातला आणि त्यांची बडबड थांबली. आरसा डावीकडून उजवीकडे गेला, पुन्हा डावीकडे आला.

"हे काम कुणाचं?"

"माझंच."

"सुंदर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाढवपणासाठी इतकं सुंदर काम केलेलं मी कधी पाहिलं नाही." मग त्यांनी लेकीला बसवलं, तिचे दात पाहिले, हातमोजे काढले आणि स्टूल पुढे ओढून दोघांच्या समोर बसल्या. आवाज खाली आला. "ऐका. दात मी सांभाळीन. पण झीज दातांत सुरू झालेली नाही, ती फक्त तिथं दिसते. यात हृदयावर येतं, रक्तातले क्षार जातात, माणसं दगावतात. आधी रक्त तपासायचं. आणि मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर एक बाई बसतात, त्या खाण्याच्याच आजारांचं बघतात. पोरीसाठी आत्ता फोन करते त्यांना."

"दोघांसाठी करा," कवळीवाले म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. "दोन माणसं पाठवतेय," त्या पलीकडे म्हणाल्या. "हो, एकाच घरातली."

संध्याकाळी बायकोने सगळं उभ्यानेच ऐकलं. आधी लेकीचं ऐकलं आणि तिला पोटाशी धरलं. मग नवऱ्याचं ऐकलं. ऐकून झाल्यावर ती ओट्यावर कोरडं फडकं फिरवत राहिली.

"म्हणजे माझ्या हातचं तुम्हाला पचायचं?"

"पचलं असतं."

"मी तिखट सोडलं. तेल सोडलं. कांदा सोडला, अहो, मला केवढा आवडायचा कांदा! माझ्या आईच्या हातचं एक म्हणून मी या घरात शिजवलं नाही, तुमच्या पोटाला सोसणार नाही म्हणून. लग्न झाल्यापासून फिक्कं खाल्लं मी. आणि तुम्ही नुसते बघत बसलात."

माफी हा शब्द एवढ्या कांद्यांपुढे फारच बारका होता.

"उद्या किती वाजता बोलावलंय?" तिने विचारलं. "मी पण येणार."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी चमत्काराचं आश्वासन दिलं नाही. दोघांशी वेगवेगळं बोलल्या, मग तिघांना एकत्र बसवलं. कवळीवाल्यांनी मामाची गोष्ट सांगितली, तंबूचीही सांगितली, आणि मान खाली घालून शिक्षेची वाट बघू लागले. बाई म्हणाल्या, "एका वाक्याने हा आजार होत नाही, आणि दोष वाटून घेतल्याने जातही नाही. वेळेवर जेवा. जेवणानंतरचा तास जड जाईल, तो एकत्र बसून काढा. दार बंद नको."

म्हणून कवळीवाल्यांनी बाथरूमची कडी काढली. स्क्रूंची भोकं तशीच राहिली. "भरून टाका ना ती," बायको म्हणाली, "घरात पोत्याने प्लॅस्टर पडलंय." "राहू देत," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भोक दिसू दिलं.

जेवणानंतरच्या तासाला बायकोने काम शोधून काढलं. वाळलेले कपडे ती रिकाम्या खुर्चीत आणून टाकायची, आणि तिघं मिळून घड्या घालायची. मामाला बसायला जागा उरेना. तरी तो गेला होता असं नाही. काही दिवस घड्या होईपर्यंत निभायचं, काही दिवस अर्ध्यातच कुणीतरी कपाळ टेबलावर टेकायचं. एकदा लेक हरली, दोनदा बाप हरला. दर वेळी दुसऱ्या मजल्यावर जाऊन ते सांगून आले.

आज भाजीत कांदा होता. कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तास संपला तेव्हा लेक उठली. "हात धुऊन येते."

दार लोटलं गेलं आणि लागलं नाही. नळ पूर्ण सुटला. सरळ, अखंड धार.

कवळीवाल्यांचा हात उशीच्या अभ्र्यावर थांबला. बायकोचा चादरीवर. धार पडत राहिली. दोघांनीही दाराकडे पाहिलं नाही, एकमेकांकडेही नाही.

मग ती अडखळली. तुटली. शिंतोडे उडाले, पुन्हा तुटली.

लेक हात झटकत बाहेर आली. "सगळ्या टॉवेलांच्या घड्या घातल्यात का?"

कवळीवाल्यांनी अभ्रा खाली ठेवला. "माझा नंबर," ते म्हणाले.

"जा," बायको म्हणाली.

ते गेले. आत नळ सुटला, आणि चादरीचं टोक तसंच हातात धरून ती ऐकत राहिली.