प्रत मिळाली, हरकत नाही

आमच्या ह्यांनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं असेल तर ते फक्त 'हरकत'ला जोडून. भाजीवाल्याने कुजका टोमॅटो घातला, हरकत नाही. व्याही मुहूर्त टळल्यावर आले, हरकत नाही. चौतीस वर्षं सरकारी खात्यात ना-हरकत दाखल्यांवर शिक्के मारले. तो शिक्का निवृत्तीच्या दिवशी टेबलावर ठेवून यायचा असतो, हे जिभेवर घेऊन आले.

तरी दावा लावला, तो माझ्यामुळे. मीरा रोडला आमची चार माळ्यांची बिल्डिंग, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्यावर, आमच्या डोक्यावर जितेंद्र. त्याने बाथरूम फोडून टब बसवला आणि आमच्या स्वयंपाकघरात गळायला लागलं. फोडणीच्या कढईत थेंब पडायचे. वर सांगायला गेलं की म्हणायचा, "आंटी, पानी है, कहीं से भी आता है." दीड वर्ष ऐकून घेतलं, मग कोर्टात गेलो. सहा वर्षं दावा चालला. आमच्याच प्लंबरने ऐन साक्षीत शेपूट घातलं, म्हणाला गळती कुठून ते सांगता येत नाही. दावा खर्चासह फेटाळला. खर्चासह म्हणजे जितेंद्रच्या वकिलांचे पैसेही आम्हीच भरायचे.

आकडा आला तीन लाख ऐंशी हजार. माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी होती चार लाखांची. डॉक्टरांनी तारीखसुद्धा दिली होती. बावन्न पायऱ्या मी आता बसत बसत चढते, त्यामुळे आकडा वाचून मला आधी गुडघेच आठवले.

मी ती खर्चाची यादी घेऊन बसले. फोर्टहून येणाऱ्या मोठ्या वकिलाच्या बावीस हजेऱ्या, दर हजेरीला गाडीभाडं वेगळं. अहो, तो माणूस आला दोनदा. प्रत्येक तारखेला मी जातीने हजर होते, आणि घरी येऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायचे: दूध दीड लिटर, पुढची तारीख पडली, मोठा आला नाही. सहा वर्षांची सहा कॅलेंडरं मी रद्दीत घातली नव्हती. आमची वकील समिधा ती बघून म्हणाली, "काकू, हे भारी आहे. खर्च निम्म्याच्या खाली येईल. हरकत घेऊया."

न्यायाधीशांनी कॅलेंडरं खरंच चाळली. समोरच्या वकिलाला म्हणाले, "ह्यांनी दूधसुद्धा लिहिलंय. तुमच्याकडे बावीस हजेऱ्यांचं काय आहे?" मला वाटलं, वाचले माझे गुडघे.

तो वकील उठला आणि त्याने शांतपणे एक कागद पुढे केला. खर्चाच्या यादीची प्रत आमच्या घरी दिल्याची पोच होती ती. त्यावर ह्यांचं वळणदार अक्षर: 'प्रत मिळाली. हरकत नाही.' खाली सही, तारीख. त्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले होते.

"हे तुम्ही लिहिलंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो साहेब," हे म्हणाले. "पण ते ह्यांच्यासाठी होतं." आणि मागे बसलेल्या त्या वकिलाच्या कारकुनाकडे बोट दाखवलं. पन्नाशीचा माणूस, यादी घेऊन तोच आला होता. "तीन माळे चढून आले, धाप लागली होती त्यांना. म्हणाले, प्रत द्यायला आठ दिवस उशीर झालाय, वकीलसाहेब ओरडतील, उशिराबद्दल तुमचं काही नाही ना, तेवढं लिहा. मी पाणी दिलं आणि लिहिलं."

कारकून मान खाली घालून फायलीची नाडी बांधत बसला. नाव हरिश्चंद्र त्याचं. नाव बघा आणि माणूस बघा.

"नोकरी कुठे केलीत?" न्यायाधीशांनी विचारलं. ह्यांनी खातं सांगितलं. खोटं बोलायला येतंय कुठे.

"म्हणजे ना-हरकत दाखले द्यायचात."

"हो साहेब."

"मग ह्या दोन शब्दांचा अर्थ मी तुम्हाला काय सांगायचा?"

न्यायाधीश माणूस दुष्ट नव्हता. कॅलेंडरं पुन्हा एकदा उघडून बघितली. मग खर्च आहे तसा कायम केला.

बाहेर समिधा म्हणाली, "काकू, वर अपील करता येईल." मी विचारलं, "त्याला किती लागतील?" तर ती फायली पिशवीत भरायला लागली. मला जितेंद्रचा राग नव्हता आला, त्या वकिलाचाही नाही. सगळा राग ह्यांचा आला. चौतीस वर्षं जो शब्द विचार करून लिहायचा पगार घेतला, तो फुकट वाटून आले.

एफडी मोडली, पैसे भरले. बँकेतून परत आलो तर बिल्डिंगच्या दारात जितेंद्र उभा. "अंकल, दिल पे मत लेना हां." ह्यांनी सवयीने तोंड उघडलं. मी असं बघितलं की शब्द घशातच राहिला.

दुसऱ्या माळ्यावर मी पायरीवर टेकले. हे खालच्या पायरीवर उभे, हातात कॅलेंडरांची पिशवी.

"सुचेता," हळूच म्हणाले, "गुडघ्यांचं पुढच्या वर्षी बघू या का?"

"हरकत नाही," मी म्हटलं. "लिहून देऊ?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून तेही पायरीवर टेकले. वर जायला अजून अठरा पायऱ्या होत्या.