चेन न्हाई म्हणून अडलंय

मी चेन बोलतेय. सायकलची! हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हा एक शब्द सांगायचा राहिला आणि बुधगावात ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली. तो धक्का मला अजून पचलेला नाही.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. कडीला कडी जोडून मला घडवलं, तेलात बुडवलं आणि कागदात गुंडाळून इकडे पाठवलं. बुधगावच्या बिराप्पाने आपल्या दुकानात मला खिळ्याला लटकवलं. एका बाजूला सायकलच्या ट्यूब, दुसऱ्या बाजूला केरसुण्या आणि बरोबर माझ्याखाली फोन. ही १९९४ ची गोष्ट. आख्ख्या आळीत तो एकच फोन, त्यामुळे गावातली बारशी, लग्नं, मयतं सगळी आधी माझ्या कानावर यायची. माणसं फोनवर गावभर ऐकू जाईल इतकं ओरडतात आणि मग हळूच म्हणतात, "कुणाला सांगू नगंस." मला मोठी गंमत वाटायची.

एका रविवारी सकाळी कोंडीबा गवंडी दुकानात आला. चहापूड, साखर आणि चांगल्यातली बिस्किटं घेतली. त्याची मुलगी माया हिचं कुपवाडच्या कपिलशी ठरलं होतं. देणंघेणं काही नाही, विहारात वंदना घेऊन साधं लग्न, असं कपिल स्वतःच बोलला होता. आज तो तारीख धरायला येणार होता. कोंडीबाने पिशवी उचलली आणि फोन वाजला. बिराप्पाने तो घेतला.

"कोण? कपिल व्हय? बोला पाव्हणं... आवाज तुटतोय... काय? चेन? चेन न्हाई म्हणून अडलंय? बरं बरं, सांगतो."

मी खिळ्यावर हरखून गेले. कुपवाडला बसून कुणीतरी माझी आठवण काढतंय!

बिराप्पाने फोन ठेवला, पण कोंडीबाच्या तोंडाकडे बघेना. "पाव्हणं आज येत न्हाईत. चेन न्हाई म्हणून अडलंय. चेन मिळाली की तारीख धरू म्हणत्यात."

"कसली चेन रं?"

"जावयाला कसली चेन घालत्यात गड्या? गळ्यातली. सोन्याची."

मी सुन्न झाले. चेन म्हटल्यावर मला सोडून दुसरं कुणी आठवतं, हेच मला ठाऊक नव्हतं. ती पिवळी म्हणे नुसती गळ्यात बसून असते. चाक नाही, चढ नाही, चिखल नाही, आणि तिच्यावाचून लग्न अडतं!

कोंडीबा पोत्यावर मटकन बसला. मग त्याने बिस्किटांचा पुडा पिशवीतून काढून फळीवर ठेवला. "ऱ्हाऊ दे बिराप्पा. कुणी येत न्हाई आता."

बाप का येत नाही म्हणून माया बघायला आली. तिला सगळं कळलं. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती रडली नाही. तिची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

"ती चेन काढा."

"आगं, तुमच्यात सायकल कुठाय?"

"नसू द्या. चेन पायजे न्हवं त्यास्नी? हीच तोंडावर टाकून मोडून येते. चला आप्पा."

लोखंडाला घाम फुटत नाही म्हणून, नाहीतर मला फुटला असता. माझ्या हातून लग्न मोडणार होतं.

माणसं कोंबलेल्या वडापच्या जीपमधून दोघं मला घेऊन कुपवाडला पोचली. कपिल नुकताच विहारातून आला होता, अंगात पांढराशुभ्र शर्ट. त्याची आई आक्काताई दारातच होती. मायाने जयभीम केला नाही की पाणी घेतलं नाही. मला थेट त्याच्या पायाशी आदळलं.

"घ्या तुमची चेन!"

कपिलने मला दोन्ही हातांनी उचललं. त्याचा चेहरा असा काही उजळला, की माया एक पाऊल मागे सरली.

"आगं, तुला कसं कळलं? मी हीच हुडकत हुतो! रविवारची हितली सगळी दुकानं बंद."

त्याने अंगणात बोट दाखवलं. तिथे एक सायकल उलटी करून ठेवली होती, साखळीवाचून. कालच त्याने ती जुन्या बाजारातून घेतली होती. तिच्यावरून बुधगावला येऊन सगळ्यांना चकित करायचं होतं, तर निघतानाच चेन तुटली. सायकल हा शब्द फोनच्या खरखरीत गेला होता.

मायाने तोंडावर पदर धरला. सोन्याच्या चेनेचा घोळ सांगता सांगता कोंडीबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मीही मनात सुस्कारा सोडला. तेवढ्यात आक्काताई म्हणाली, "पर त्यांचं काय चुकलं? चार माणसांत जावयाचा गळा मोकळा बरा दिसतोय व्हय? समजून आल्यात, तर घालू द्यात की."

कोंडीबाचं हसू तोंडातच राहिलं. माया खाली बघू लागली. जे गैरसमजाने झालं ते सोसवलं होतं. हे समजून उमजून चाललं होतं, आणि ते ऐकून माझी कडी न् कडी हादरली.

कपिलने मला दोन हातांत धरून ताणलं आणि सरळ गळ्यात घातलं. माझं काळं तेल त्या पांढऱ्या कॉलरवर उतरलं, छातीवर ओघळलं. मी शरमेने अर्धी झाले.

"घातली बघ आये, सासऱ्यानं आणल्याली चेन. गळा भरला. आता तारीख धर."

आक्काताई त्या डागाकडे बघत राहिली. मग पुढे झाली, तिने स्वतःच्या हातांनी मला त्याच्या गळ्यातून काढलं आणि तेलकट हात लुगड्याला पुसत म्हणाली, "पुनवंला धरा."

आता मी म्हातारी झालेय. ताणून सैल पडले म्हणून माझ्या दोन कड्या काढल्यात. माया मागे बसली की चढावर मी कुरकुरते, मग कपिल उतरून तेल घालतो. तरी एक मागणं आहे. तुमच्याकडे कुणी जावयाच्या गळ्यासाठी चेन मागितली, तर सोनाराकडे जाऊ नका. मला न्या. मी ग्रीससकट येते.