अर्धा काळा काठ

आधी धुणं.

चाकाच्या रिंगचा तुटका तुकडा बादलीत बुडाला आणि पाणी आधी मातकट, मग तांबूस झालं. तांबूस कशाने, हे आरसेवाल्याला कोणी सांगायला नको होतं. त्याने बादली मोरीत ओतली, नळ मोठा सोडला आणि पाणी नितळ होईपर्यंत तिकडे पाहिलं नाही.

आरसेवाला हे त्याचं कारखान्यातलं नाव. उभा जन्म बफिंगच्या मशीनपुढे गेला. त्याच्या हातून सुटलेल्या ॲल्युमिनियममध्ये बघून पोरं भांग पाडायची. घरीही तीच खोड. कोणी यायचं म्हटलं की दाराच्या कडीपासून डब्यांच्या झाकणांपर्यंत सगळं लखलखलं पाहिजे. बायको म्हणायची, "मला तेवढं घासू नका हो, आहे तशीच बरी आहे."

उद्या साहेब येणार होते.

मग घासायचा कागद.

जाड, बारीक, त्याहून बारीक. रिंग मुलीच्या गाडीची. मुलगी चालवत होती, शेजारी जावई. वळणावर चाक मोडलं. मुलगी हात गळ्यात अडकवून माहेरी आली. जावई कुठेच आला नाही. "बेफाम चालवून माझ्या पोराला मारलं," असं तिची सासू चारचौघांत म्हणाली, आणि पोलिसांतही तेच लिहून दिलं. वकील म्हणाले होते, "गॅरेजमधला तो तुकडा घरी आणा, जिवापाड सांभाळा. तपासणारे साहेब बघायला येतील. सगळं त्यावर आहे."

आरसेवाल्याने सांभाळला. जिवापाड.

पुसू नका, असं कोणी म्हणालं नव्हतं. कोण म्हणेल?

पेस्ट.

"अहो, जेवायला चला. हात बघा, कोळसेवाले दिसताय."

"ॲल्युमिनियम घासलं की काळंच निघतं."

"तुटकंच आहे ना ते? कशाला एवढा जीव काढताय?"

"पोरीच्या नजरेला ती घाण पडायला नको." त्याने फडक्याची घडी बदलली. "मोडलेला काठ बघायला हवा होतास. अर्धा तर काजळी धरल्यासारखा. कानस मारली तेव्हा कुठे वळणावर आला."

साहेब.

साहेबांनी तुकडा खिडकीपाशी नेला. भिंग काठावरून फिरवलं, परत फिरवलं, आणि खिशात घातलं.

"हे कोणी घासलं?"

"मी." इतक्या दिवसांत पहिल्यांदा आरसेवाल्याचा आवाज ताठ होता. "मशीन नाही साहेब. नुसत्या हाताने."

साहेब खुर्चीत बसले. "ताजा मोड पांढरा असतो, काका. जुनी चीर आतून काळी पडते. अर्धा काठ काळा आहे, असं गॅरेजवाल्याने वकिलांना सांगितलं होतं. म्हणजे रिंग आधीच चिरलेली. म्हणजे मुलीचा दोष नाही. तेच बघायला आलो होतो मी."

"फोटो?" बायकोने विचारलं.

"कोणी काढला नाही."

मुलगी दारात उभी होती. सगळं ऐकून. ती पुढे आली, धड हाताने तुकडा उचलला, खाली ठेवला.

"छान झालंय, बाबा."

ती आत गेली. आतून कडी लागली.

साहेब बॅग आवरू लागले, तसा आरसेवाला पुढे सरकला.

"काळं परत आणता येतं, साहेब. कॉस्टिक सोड्यात धरलं की काळं पडतं. होतं तेवढंच करतो, जास्त नाही. हे बघा, इथून इथपर्यंत. माझ्या अंगठ्याला आठवतंय."

"काका, हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही."

साहेब गेले. बायको बंद दाराशी जाऊन पोरीला हाका मारत राहिली.

आरसेवाल्याचा अंगठा काठावर एका जागी थांबला. मग जरा पुढे. मग पुन्हा मागे. कुठेच काही लागत नव्हतं. काठ इतका गुळगुळीत झाला होता.