दोन बोटं हवा

मी गादी बोलतेय. झोपायची नव्हे, बसायची. चाकाच्या खुर्चीवर ठेवतात ती, हवेची. झोपायच्या गादीचं आयुष्य सुखाचं असतं, तिच्यावर माणूस कूस तरी बदलतो. माझ्यावर बसणाऱ्याला ते जमत नाही आणि बसून बसून अवघडलंय हे त्याला कळतही नाही. म्हणून तर मला घडवलं.

कारखान्यात काळ्या रबराचे छोटे छोटे फुगे ओळीने जोडून मला तयार केलं. सगळे फुगे आतून एकमेकांना जोडलेले. एकावर भार आला की तो आपली हवा शेजाऱ्याला देतो. कोपऱ्यात एक तोटी, तिथून हवा भरायची. एका बाईने मला पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे येतात का ते पाहिलं, पाठीवर थाप मारली आणि खोक्यात घातलं. तेवढंच माझं माहेर.

माझा पहिला मालक रंगारी. परांचीवरून पडला, म्हणजे इमारतीला बाहेरून बांबू बांधतात ना, त्यावरून. कमरेखालचं सगळं गेलं. घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि बायको काही बोलली की म्हणायचा, "भिंत बघतोय. पोपडे धरलेत." बायको एका दुकानात कपड्यांच्या घड्या घालायची. ती बिचारी भिंतीकडे बघायची, पोपडे कुठेच नसायचे.

त्याला भिंतीपासून सोडवलं मास्तरांनी. मास्तर गणित शिकवायचे. फार वर्षांपूर्वी पाठीचा कणा मोडला, तेव्हापासून खुर्चीत. पण आवाज असा की वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा आजही दचकेल. त्यांनी आपल्यासारख्यांचा एक गट जमवला होता. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या तळमजल्यावर, चित्रकलेच्या खोलीत सगळे जमायचे, कारण त्या खोलीचं दार रुंद होतं. गटाने मिळून मला रंगाऱ्यासाठी आणलं.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी त्याला धडा दिला. "हात खाली घाल. बुडाचं हाड आणि खालची फळी, मध्ये दोन बोटं हवा राहिली पाहिजे. कमी झाली तर भर. जास्त झाली तर सोड. रोज बघायचं."

"मास्तर, जन्मभर लोकांच्या भिंती चाचपल्या," रंगारी म्हणाला, "आता स्वतःचं बूड चाचपायचं."

खोलीत हशा पिकला. त्याची बायको दारात उभी होती, ती तोंडाला पदर लावून हसता हसता रडायला लागली. मला तेव्हा समजलं नाही, रडण्यासारखं त्यात काय होतं. अपघातानंतर त्याचा तो पहिला विनोद होता, हे मला पुढे कळलं.

त्या खोलीतल्या गप्पा तुम्ही ऐकायला हव्या होत्या. लघवीची नळी, लग्नाच्या हॉलमधल्या पायऱ्या, परत न आलेली बायको, परत आलेली बायको, सगळं बिनदिक्कत. बरोबर आलेल्या घरच्या माणसांना मास्तर बाहेर बाकावर बसवायचे. म्हणायचे, "घरच्यांसमोर माणूस खोटं हसतो." आणि कुणाची गोष्ट कितीही रंगलेली असो, थोड्या थोड्या वेळाने मास्तर ओरडायचे, "उचला." की सगळे दोन्ही हातांवर जोर देऊन खुर्चीवरून अंग वर उचलायचे. कातडीला रक्त मिळावं म्हणून. सांगणारा थांबायचा, भांडणारा थांबायचा, रडणारासुद्धा रडणं थांबवून उचलायचा. मग जिथे सोडलं तिथून पुन्हा सुरू.

रंगारी पुढे रंगाच्या दुकानात बसायला लागला, गिऱ्हाईकाला हवी ती छटा कालवून द्यायचा. गटात तर तो मास्तरांचा उजवा हात झाला. इस्पितळात नवीन कुणी आलं की मास्तर त्याला धाडायचे. "डॉक्टर सांगतात ते खरंच असतं रे, पण डॉक्टर संध्याकाळी चालत घरी जातात. तू जा."

असंच एकदा त्याला पोस्टातल्या ताईंकडे धाडलं. स्कूटर घसरली आणि ताईंची मान गेली. खांदे थोडे हलायचे, बोटांत जीव नाही. पोस्टात खिडकीवर बसून दिवसभर ठप ठप शिक्के मारणारी बाई, आता नाकावरची माशी हाकलायला नवऱ्याला हाक मारायची. नवरा शांत, भला माणूस. ताई कुणाशी बोलत नव्हत्या, जेवत नव्हत्या. नवऱ्याला एकदाच म्हणाल्या होत्या, "मला घरी नेऊ नका."

रंगारी रोज दुकानातून परस्पर तिकडे जायला लागला. ताई छताकडे बघायच्या, हा बोलत राहायचा. छताला कोणता रंग दिलाय, तो कसा चुकलाय, हे सांगायचा. एके दिवशी ताईंनी छतावरची नजर न काढता विचारलं, "तुम्ही रडला होता?"

"रडलो? सिस्टर म्हणाली, सलाइन लावतोय तेवढं तू डोळ्यांतून काढतोयस."

ताईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. नवरा पटकन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

आणि नेमकं त्याच दिवसांत मला भोक पडलं. रंगाऱ्याच्या तारेच्या ब्रशातली एक तार त्याच्या पँटला चिकटून आली आणि माझ्या एका फुग्यात घुसली. सुईच्या टोकाएवढं भोक. हवा एकदम गेली असती तर तो कलला असता, शिवी घातली असती, वाचला असता. ती हळूहळू गेली.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे उलटी गत आहे. त्याचं हाड माझ्यातून खाली खाली येत होतं, शेवटी फळीला टेकलं. मला कळत होतं, त्याला नाही. तो ताईंना समजावत होता, "घरी गेल्यावर भाऊजींनी तुम्हाला ठराविक वेळाने पुढे वाकवायचंच हं, विसरायचं नाही." हे सांगण्याच्या भरात त्याने स्वतः एकदाही अंग उचललं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणावं, तर तसा लबाड माणूसही नव्हता हो तो. एरवी संध्याकाळी बायको त्याची पाठ आणि बूड नीट तपासायची. तेव्हा ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. लांब दांड्याचा आरसा त्याच्या हाताशी ठेवून गेली होती. तो दमून यायचा आणि आरसा उद्यावर ढकलायचा, हात घालून हवा बघणंही.

बायको परतली तेव्हा बुडाला जखम होऊन ती हाडापर्यंत गेली होती. त्याला ताप भरला होता आणि त्याला वाटत होतं, सर्दी झालीय.

तेव्हापासून तो पालथा आहे. बसायची बंदी. किती महिने, ते डॉक्टर सांगत नाहीत. मास्तरांनी माझं भोक शोधलं, ठिगळ लावलं, पाण्यात बुडवून तपासलं, आणि रंगाऱ्याला विचारलं, "हिचं काय करायचं?"

"मी पालथा पडलोय, गादी काय उशाला घेऊ?" तो उशीत तोंड घालूनच म्हणाला. "ताईंना द्या. रविवारी यायला तयार झाल्यात त्या. फोमच्या तुकड्यावर बसवू नका त्यांना."

मास्तर बराच वेळ त्याच्या खाटेपाशी होते. मग गटाला नवा नियम घातला. आपल्या हातावर विश्वास ठेवायचा नाही. रविवारी आल्या आल्या प्रत्येकाने शेजाऱ्याच्या बुडाखाली हात घालून दोन बोटं हवा आहे का बघायचं. आधी सगळ्यांना हसू आलं. रंगाऱ्याची रिकामी जागा बघून थांबलं.

आज रविवार आहे. मी ताईंच्या खाली आहे. सकाळी नवऱ्याने माझ्यात हवा भरली, हात घालून नीट पाहिलं. त्याने काही चुकवलं नाही. पण ताईंची खुर्ची रंगाऱ्याच्या खुर्चीपेक्षा अरुंद आहे. वाटेत गचके बसले तशी माझी तोटी बाजूच्या पत्र्यात अडकून पिळली गेली आणि थोडी उघडली. ठिगळ शाबूत आहे. हवा तोटीतून चालली आहे.

नवरा ताईंना आत सोडून, नियमाप्रमाणे बाहेर बाकावर जाऊन बसला.

हात घालायची फेरी सुरू झाली. सायकल दुरुस्तीवाल्याने शिंप्याचं पाहिलं, शिंप्याने रिक्षावाल्याचं. रिक्षावाल्याच्या शेजारी ताई. खोलीत सगळे पुरुष. त्याने हात पुढे केला, मागे घेतला, मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमचं घरी बघितलंय ना?" रिक्षावाल्याने विचारलं.

"हो, ह्यांनी बघितलंय सकाळी."

"मग झालं," तो म्हणाला, आणि त्याच्या जिवात जीव आला. भली माणसं आहेत हो सगळी. परक्या बाईच्या अंगाखाली हात कसा घालणार?

मग मास्तर म्हणाले, "ताई, काही बोलायचं असेल तर बोला. नसेल तर नुसतं बसा."

आणि ताई बोलायला लागल्या. आधी पोस्टातल्या खिडकीबद्दल, मग स्कूटरबद्दल, मग त्या एका वाक्याबद्दल, मला घरी नेऊ नका. म्हणाल्या, "माझी मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसते. मला कळत नाही ती बसलीय. मी खाली बघते तेव्हा कळतं." अपघातानंतर त्या इतकं कुणाशीच बोलल्या नसतील. शिंपी डोळे पुसतोय. रिक्षावाला मान खाली घालून ऐकतोय.

"उचला" म्हणायची, ताईंना पुढे वाकवायला नवऱ्याला आत बोलवायची वेळ केव्हाच होऊन गेली. मास्तरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि ताईंकडे बघून मिटलं. आज पहिल्यांदाच ते कुणाला तोडत नाहीयेत. बाई बोलतेय, बोलू दे, असं त्यांच्या मनात असणार. एरवी किती कडक माणूस.

माझे मधले फुगे चपटे झालेत. आता एक बोट हवा आहे, तीही जाईल. ताईंचं हाड मला लागतंय. या बाईने नुकतं कुठे तोंड उघडलंय, तिला पुन्हा खाटेवर छताकडे बघत पडावं लागलं तर ती परत येणार नाही, हे मला कळतंय. मला जीभ नाही. असती तर मास्तरांच्याही वरताण ओरडले असते.

तुम्हाला जीभ आहे. दार उघडंच आहे, बाहेर बाकावर तिचा नवरा बसलाय, आतून तिचा आवाज येतोय म्हणून बरं वाटून त्याने डोळे मिटलेत. त्याला उठवा. तिचं बोलणं मोडलं तरी चालेल म्हणावं, आत ये आणि हात घाल.